तीन कर्जं, माझ्या नावावर

९ जानेवारी
भिंगांच्या कंपनीने दरवर्षीप्रमाणे मालकांना डायरी पाठवली. दरवर्षीप्रमाणे ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. आजवर मी तिच्या पानांत फ्रेम गुंडाळायचे. यंदा लिहिणार आहे, कारण आज दुपारी मालक म्हणाले, "माझे हात थरथरतात आता. दुकान विकायचंय. तुला घ्यायचं असलं तर आधी तुला विचारतो. मार्चअखेरपर्यंत थांबेन."

मी मशीन चालूच ठेवलं. कडा घासताना मध्येच थांबलं की भिंगाला खाच पडते. भिंग पुरं केलं, पुसलं, मग म्हटलं, "घेते."

सतरा वर्षं मी पडद्यामागे बसून लोकांची भिंगं घासते आहे. पुढे गिऱ्हाइकाला चष्मा घालून आरसा धरणं मालकांचं काम. आता आरसाही मीच धरणार. निम्मी रक्कम साठलेली आहे, उरलेली बँक देईल. का नाही देणार? आजवर कुणाकडून एक पैसा उसना घेतलेला नाही.

१४ जानेवारी
आईला फोन केला. वाटलं होतं आनंदाने ओरडेल. तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "बँकेत कागद दिलेस का?"

"उद्या देणार."

"कशाला घाई करतेस? एखादं वर्ष थांब की. दुकान काय पळून चाललंय?"

"पळूनच चाललंय आई. मालक विकतायत."

"बघ बाई. कर्जबिर्ज आपल्याला झेपत नाही."

आईला पहिल्यापासून कर्जाची धास्ती. बाबा गेले तेव्हा तिने बांगड्या मोडल्या, पण कुणासमोर हात पसरला नाही. तिची काळजी मी समजू शकते. तरी एकदा "शाब्बास" म्हणाली असती तर तिचं काय गेलं असतं?

२२ जानेवारी
बँकेने नाही म्हटलं.

साहेब काही वाईट वागले नाहीत. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "मॅडम, तुमच्या नावावर तीन कर्जं चालू आहेत. दोन कर्जांचे हप्ते थकलेत. अशा स्कोअरवर मी काहीच करू शकत नाही."

म्हटलं, "दुसरी कुणीतरी असेल. मी कर्ज घेतलेलंच नाही."

त्यांनी जन्मतारीख वाचून दाखवली. माझीच. वडिलांचं नाव वाचलं. तेही बरोबर. मग ते माझ्याकडे बघत राहिले. कर्ज घेऊन विसरलेल्या बायका त्यांना रोज भेटत असाव्यात.

बसमध्ये तिकीट काढायलाही विसरले. आयुष्यात पहिल्यांदा दंड भरला.

२३ जानेवारी
सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. इस्पितळात नर्स आहे. तीन वर्षं आम्ही या दोन खोल्या भाड्याने वाटून घेतल्यात. तिने हात धुतले, चहाही न घेता फोन घेऊन बसली.

"आधी तुझा क्रेडिट रिपोर्ट काढू. वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो देणाऱ्या कंपन्या तीन-चार आहेत, प्रत्येकीकडून एकेक. चार-चार महिन्यांनी एकीकडून मागवला की वर्षभर लक्ष राहतं आणि खर्च शून्य."

"तुला कसं ठाऊक?"

"माझ्या काकाच्या नावावर कुणीतरी मोटारसायकल घेतली होती. काकाला सायकलही येत नाही."

खूप दिवसांनी हसले. मग रिपोर्ट उघडला आणि हसू गेलं. पहिलं कर्ज मोबाइलसाठी. दुसरं वस्तू खरेदीसाठी, ते मोठं. तिसरं नुसतंच वैयक्तिक. पत्ता आईच्या घरचा. बरोबरच आहे, माझ्या ओळखपत्रावर अजून तोच पत्ता आहे. चोराने तिथूनच उचलला असणार.

सिस्टरने खाली बोट ठेवलं. "हा नंबर कुणाचा?"

"माझाच, जुना. चार वर्षांपूर्वी रिचार्ज मारायचं सोडलं, बंद झाला. फोनसकट आईच्या घरी टाकून आले होते."

"बंद नंबरवर ओटीपी कसा येईल? त्याशिवाय कर्ज मिळत नाही."

"कंपनीवाले जुने नंबर दुसऱ्यांना देतात ना. तसाच कुणालातरी गेला असेल."

सिस्टरने फोन बाजूला ठेवला. माझ्याकडे बघून उठली आणि भात लावला.

२७ जानेवारी
एका बाईचा फोन. "तुमच्या ओळखीचं चोवीस तास रक्षण करतो," दरमहा अमुक पैसे. आवाज इतका गोड की मी कार्डाचे आकडे सांगायला निघालेच होते. सिस्टरने हातातून फोन काढून घेतला.

"फुकट मिळतं ते विकत का घेतेस? आणि ही बाई कोण, तुला माहीत आहे का? एका चोराच्या हातून सुटायच्या आधी दुसऱ्याला किल्ली देशील."

मग तिने माझी शिकवणी घेतली. रिपोर्टला कुलूप लावता येतं, म्हणजे आपण उघडल्याशिवाय कुणी आपल्या नावाने नवं कर्ज काढू शकत नाही. त्यालाही पैसे पडत नाहीत. बँकेच्या प्रत्येक व्यवहाराचा मेसेज चालू ठेवायचा. ओळखपत्राची झेरॉक्स दिली की तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली आणि तारीख. आजवर किती जणांना कोऱ्या झेरॉक्सा वाटल्या, मोजायला बसले आणि मध्येच सोडून दिलं.

कुलूप मात्र लागलं नाही. त्यासाठीचा ओटीपी जुन्या नंबरवर जातो. आधी नंबर बदलायचा अर्ज पोस्टाने पाठवावा लागेल. माझ्याच दाराला कुलूप लावायला चोराची परवानगी हवी. छान आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
आईकडे जाऊन आले. दोन तास बस.

धाकट्या भावाने घराच्या पुढच्या खोलीत आइस्क्रीम आणि थंड पेयांचं दुकान टाकलंय, ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. भला मोठा डीप फ्रीझर, काचेच्या सरकत्या झाकणाचा. याआधीचे त्याचे दोन धंदे बुडाले, म्हणून बरं वाटलं. मला बघून त्याने मान वर केली नाही, नुसतं "ताई, घे" म्हणून आइस्क्रीमचा कप पुढे केला आणि आत निघून गेला. पैसे घेतले नाहीत. लहानपणी माझ्या डब्यातलं चोरून खाणारा पोरगा, आता खाऊ घालतो.

आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"त्या रिपोर्टात सगळं दिसतं का गं? म्हणजे, कुणी घेतलं ते?"

"नाही. माझंच नाव दिसतं."

तिने दोन-तीन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "ती तुझ्याबरोबर राहते ती कोण पोरगी? परकी ती. तुझे कागद कुठे असतात?"

"कपाटात."

"कुलूप?"

"नसतं."

"मग झालं तर," आई म्हणाली. "तुझा स्वभावच भोळा."

५ फेब्रुवारी
डोक्यातून जात नाही. भाड्याचा करार करताना माझे सगळे कागद सिस्टरनेच झेरॉक्स करून आणले होते. रिपोर्ट काढायचा कसा, तिला ठाऊक. ओटीपीचं तिला ठाऊक. जुन्या नंबराबद्दल विचारून एकदम गप्प का झाली? काकाची गोष्ट खरी कशावरून?

आज एका गिऱ्हाइकाचं उजवं भिंग डाव्या बाजूला बसवलं. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. मालकांनी चष्मा नुसता परत माझ्याकडे सरकवला, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी सिस्टरला विचारलं. विचारलं असं लिहिलं, पण मी विचारलं नाही. मी तिची पर्स मागितली.

तिने दिली. उलटी करून पलंगावर ओतली. इस्पितळाचं ओळखपत्र, पिना, एक केळं, पगाराची पावती. म्हणाली, "कपाट पण बघ. गादीखाली पण बघ."

मी बघितलं. देवाशपथ, गादीखालीही बघितलं.

८ फेब्रुवारी
सिस्टर गेली. महिन्याचं भाडं पूर्ण ठेवून गेली, आज आठच तारीख तरी. नंबर बदलायचा अर्ज तिने आधीच भरून ठेवला होता, झेरॉक्सवर आडवं लिहून. फक्त माझी सही बाकी.

दारात म्हणाली, "रिपोर्ट पाहिला त्याच दिवशी मी बोलायला हवं होतं. तुला लागेल म्हणून गप्प बसले. त्या बंद नंबरवर एकदा फोन लावून बघ."

"कशाला? तो बंद आहे."

"मग लावायला काय हरकत आहे?"

आईला कळवलं की ती गेली. आई म्हणाली, "बरं झालं. आता झालं गेलं विसर. पोलिसात बिलिसात जाऊ नकोस, बाईमाणसाला नसती कटकट."

१५ फेब्रुवारी
आठवडाभर फोन लावला नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होते.

आज दुकानाच्या फोनवरून लावला. मालक जेवायला गेले होते. बंद नंबरची घंटा वाजली. चौथ्या घंटेला उचलला.

"हॅलो? कंपनीतून बोलताय का?"

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"ती घरी नाहीये हो. बाहेरगावी असते. हप्ता पुढच्या आठवड्यात देते म्हणालीये. मी तिची आई बोलतेय."

मी फोन ठेवला. समोर एका शाळामास्तरांचा चष्मा होता, तो पूर्ण केला. जाड भिंग, कडेला पातळ करत न्यावं लागतं. नीट झाला.

१६ फेब्रुवारी
गेले होते. सगळं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

धाकटा दुकानात होता. मला बघून कळलं त्याला. शटर ओढून बाहेर गेला. आई स्वयंपाकघरात होती. मी कपाट उघडलं, साड्यांच्या खालचा खण. माझा जुना फोन चार्जरला लावलेला, खाली रिचार्जच्या पावत्या. बाजूला माझ्या दहावीपासूनच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्सा, रबर लावून, व्यवस्थित. माझ्या आईला नीटनेटकेपणाचं वेड आहे.

"आई, हे काय?"

तिने गॅस बारीक केला. "त्याला कुणी कर्ज देईना. त्याचं नाव खराब झालंय. तुझं चांगलं होतं."

"माझं होतं ना?"

"तुला कुठे लागत होतं? तू काय घर घेणार होतीस, का लग्न करणार होतीस? नुसतं पडून होतं."

"आणि सह्या?"

"प्रगतिपुस्तकावर तुझ्या बाबांची सही कोण करायचं? मीच ना? तेव्हा बरं चालत होतं."

मी म्हटलं ही चोरी आहे. तेव्हा मात्र ती भडकली. इतकी की पळी हातातून पडली. "चोरी? तुझं नाव ठेवलं कुणी? मी. पोटात नऊ महिने कुणी वागवलं? मी ठेवलेलं नाव मी चार दिवस वापरलं तर चोर झाले का मी? तो फेडणार होता. उन्हाळा तर लागू दे."

"आणि सिस्टर? तिच्यावर ढकललंस ते?"

"ती कोण लागते तुझी?"

ती माझी कुणीच लागत नव्हती, म्हणून तर मी तिची गादी उचलून बघितली.

आईने ताट वाढलं. सांगायला लाज वाटते, मी जेवले.

२० फेब्रुवारी
बँकेतल्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, "फसवणूक आहे असं तुमचं म्हणणं असेल तर कर्ज देणाऱ्या कंपन्यांना आणि रिपोर्टवाल्यांना लेखी तक्रार द्या. सोबत पोलीस तक्रारीची प्रत लागेल. तिच्याशिवाय कुणी हलणार नाही."

"ती न देता काही?"

"मग कर्ज तुमचंच, मॅडम. फेडा."

हिशेब सोपा आहे. फेडलं तर दुकानासाठी साठवलेले संपतात. नाही फेडलं तर बँक देत नाही. तक्रार केली तर आई. तिन्ही भिंगांतून बघितलं, एकातूनही स्पष्ट दिसत नाही.

रिपोर्टातला नंबर बदलून आला. कुलूप लावलं. दोन मिनिटांचं काम, फुकट. चार वर्षांपूर्वी लावलं असतं तर आजही माझी आई मला आवडत असती.

१ मार्च
धाकट्याचा फोन. रडत होता. "ताई, मला माहीत नव्हतं गं. आई म्हणाली तुला विचारलंय."

"आणि माझ्या नावाने हप्त्याचे फोन यायचे तेव्हा?"

त्याने नाक ओढलं.

"फेडतो मी. उन्हाळ्याचे दोन महिने दे. तक्रार करू नकोस, आई मरेल."

मग आईने फोन घेतला. वाटलं काही बोलेल. म्हणाली, "त्याला त्रास देऊ नकोस. दोन दिवस नीट जेवलेला नाही तो."

मीसुद्धा जेवले नव्हते. ते मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. बहुतेक तेव्हाच ठरलं.

४ मार्च
तक्रार दिली. चौकीतल्या बाई माझ्याच वयाच्या, कानावर पेन खोचलेल्या. लिहून घेता घेता म्हणाल्या, "संशय कुणावर?"

"संशय नाही. माहीत आहे."

"नाव?"

सांगितलं. त्यांनी लिहिलं. "नातं?"

तेही सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. "घरातच मिटवता नाही का येणार?"

"घरातूनच तर आले."

११ मार्च
आईला बोलावलं होतं. ठेवणीतली साडी नेसून आली, धाकटा मागे. मला वाटलं होतं नाकारेल, किंवा हिनेच घ्यायला सांगितलं होतं म्हणेल. त्यासाठी मी तयारी करून गेले होते, काय काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून.

बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "मीच केलं. लिहा. पोराला काही ठाऊक नाही." माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

बाईंनी सही करायला कागद पुढे केला. कर्जाच्या कागदांवर माझी सही तिने झरझर केली आहे, माझ्यापेक्षा वळणदार. स्वतःची करताना मात्र अडली. डोळ्याजवळ कागद नेला, एकेक अक्षर जोडत गेली. बाईंनी दोनदा बोटाने जागा दाखवली.

धाकट्याने वस्तू विकून रक्कम भरण्याचं लिहून दिलं, तेव्हा बाईंनी आईला घरी जाऊ दिलं. फ्रीझर याच आठवड्यात जाणार. बाहेर पडताना तो म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

झालं असतं तर बरं झालं असतं.

२९ मार्च
दुकान विकलं. मालकांनी शेवटपर्यंत वाट बघितली, खोटं कशाला बोलू. पण रिपोर्ट दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि त्यांच्या हातांना वेळ नव्हता. नव्या मालकीणबाईंची आणखी दोन दुकानं आहेत. त्यांनी मला ठेवून घेतलं. पडदा नवा लावलाय, निळा.

६ मे
रिपोर्ट आला. तिन्ही कर्जं काढून टाकली. पान स्वच्छ, जणू मी काल जन्मले. कुणाला दाखवावं ते सुचेना, म्हणून इस्पितळात गेले. सिस्टर ड्यूटी संपवून निघाली होती.

म्हटलं, "तू सांगितलंस ते सगळं केलं. चुकले मी. परत ये."

तिने रिपोर्ट नीट वाचला, अगदी शेवटपर्यंत. "चांगलं झालं. पुढचा सप्टेंबरात दुसऱ्या कंपनीकडून काढ."

"आणि परत यायचं?"

"माझा राग गेलाय गं," ती म्हणाली, "पण त्या गादीवर मला आता झोप लागायची नाही."

फाटकापर्यंत सोबत आली. मग तिची बस आली.

१९ जून
आज आई दुकानात आली.

मी पडद्यामागे होते. आवाज ओळखला आणि मशीन बंद केलं. मालकीणबाईंनी तिचे डोळे तपासले, फ्रेम दाखवल्या. तिने सगळ्यात साधी घेतली. "आत कोण करतं हे?" तिने विचारलं.

"कारागीर आहे आमची. हात एकदम छान आहे तिचा."

"हो का?" आई म्हणाली. "बसते मग मी. घाई नाही मला."

चिठ्ठी आत आली. वर तिचं नाव, खाली नंबर. बराच वाढलाय. इतक्या नंबराला तिला लसणाची पाकळीसुद्धा धड दिसत नसणार. एरवी अशा चष्म्याला मला पाऊण तास लागतो. आज अडीच तास लागले. कडा तीनदा घासल्या, नाकावरच्या गाद्या माझ्या मापाने वाकवल्या. आम्हा दोघींचं नाक सारखंच आहे. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. ते बाकाखाली जुळवून ठेवलेले, सगळा वेळ तसेच.

चष्मा मालकीणबाईंच्या हातीच बाहेर पाठवला. तिने घातला असावा. आरसा टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दिसतंय." पूर्ण पैसे दिले, कमी करा म्हणाली नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी बाई.

तिच्या गावात चष्म्याची तीन दुकानं आहेत. मग दोन तास बसने इथवर कशाला आली, काही कळलं नाही. इथे स्वस्त पडत असेल.